शनिवारी चालणारा फ्रिज

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी फ्रिज बिघडला. म्हणजे बिघडला असं आम्हाला वाटलं.

मी संध्याकाळी सातला ऑफिसातून आले, चहासाठी दूध काढलं, तर पातेलं हाताला कोमट लागलं. गॅसवर ठेवलं आणि दूध नासलं. ते ओतून दिलं, खालच्या दुकानातून नवी पिशवी आणली, चहा केला. बाबांनी मुकाट्याने घेतला. त्या दिवसांत आमच्या घरात कोणी फारसं बोलतच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्यात मला वेगळं काही जाणवलं नाही.

आम्ही धायरीत राहतो. चौथा मजला, दोन बेडरूम. नवरा चाकणच्या एका कंपनीत आहे, त्याची बस सव्वासहालाच येते. माझं ऑफिस हिंजवडीत, माझी बस पावणेदहाला. मूलबाळ नाही. बाबा भंडाऱ्याचे. पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आईला फुफ्फुसांचा आजार होता. शेवटची दोन वर्षं तिला घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं, कमरेएवढ्या उंचीचं, चाकांवरचं. मी एकुलती एक. वर्षातून तीन-चार वेळा जायचे, बाकी सगळं फोनवर. मार्चमध्ये ती गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी बाबांना म्हटलं, काही दिवस पुण्याला चला. त्यांनी एक बॅग भरली, नळ आणि मेन स्विच बंद केला, किल्ली शेजारी दिली आणि निघाले.

मी लगेचच कामावर रुजू झाले. ऑफिसात सगळे म्हणाले, तू फार खंबीर आहेस. खंबीर वगैरे काही नव्हतं, मला काही वाटतच नव्हतं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कोणाचा तरी लागतो, तसं झालं होतं, फक्त गालापुरतं नव्हे. जेवत होते, झोपत होते, मीटिंगमध्ये बोलत होते. हॉलमध्ये आईचा फोटो लावला होता. तो पुसताना काचेवर डाग राहिला की काय एवढंच दिसायचं.

त्यामुळे खरं सांगायचं तर फ्रिज बिघडला तेव्हा मला थोडं बरंच वाटलं. काहीतरी करायला मिळालं. माझी नोकरीही त्यातलीच आहे. ग्राहकांकडून तक्रारी येतात की सॉफ्टवेअर मध्येच अडकतं. ते कधी अडकतं, काय केल्यावर अडकतं, दर वेळी अडकतं की एखाद्या वेळी, हे शोधून काढायचं. पंधरा वर्षं मी तेच करतेय.

पहिल्या रविवारी मी आणि नवऱ्याने फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. मागच्या काळ्या जाळीवर धुळीचे पुंजके साठले होते, ते काढले. आतल्या बटणाचा आकडा तीनवरून पाचवर नेला. खच्चून भरलेले कप्पे रिकामे केले, जुनी लोणची, कधीतरी आणलेल्या सॉसच्या बाटल्या टाकून दिल्या. संध्याकाळपर्यंत पाणी इतकं गार झालं की दात शिवशिवले. झालं, म्हणाला नवरा, धूळच होती.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर पाणी कोमट. सकाळी मळून ठेवलेली कणीक आंबलेली, कोथिंबिरीच्या चटणीला वास. मग मी कुठेतरी वाचलेलं करून बघितलं. वाटीत पाणी घालून बर्फ केला, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून दिली. मंगळवारी रात्री बघितलं तर वर बर्फ होता आणि नाणं वाटीच्या तळाशी. म्हणजे मधल्या काळात सगळा बर्फ वितळला होता आणि पुन्हा गोठला होता. ती वाटी हातात घेऊन मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. एवढं कळलं होतं की दिवसा कधीतरी हा बंद पडतो. कधी आणि का, ते कळत नव्हतं.

धायरी फाट्याजवळ एका दुरुस्तीवाल्याचं दुकान आहे. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा दोरीने गळ्यात. मी घरी असेन तेव्हाच या, असं मी त्यांना सांगितलं, म्हणून ते शनिवारी आले. त्यांनी फ्रिज उघडला, आत हात फिरवला, कानाने कॉम्प्रेसर ऐकला. कॉम्प्रेसर म्हणजे मागे खाली असतो तो काळा गोळा, गारवा तयार करणारा. तो घरघरत होता, थोड्या वेळाने थांबला, पुन्हा सुरू झाला. ते म्हणाले, चालू-बंद बरोबर होतोय, गॅसही आहे. मग त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडून दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. ती अलगद बाहेर आली.

"रबर गेलंय," ते म्हणाले. "थंडी निम्मी तुमच्या स्वयंपाकघरात जातेय. उन्हाळ्याचं चांगलंच आहे म्हणा."

त्यांनी दाराचं रबर बदललं. बाबा शेजारी स्टुलावर बसून होते. स्क्रू काढताना अंधार पडत होता, तर त्यांनी उठून टॉर्च धरला. जाता जाता त्या गृहस्थांनी विचारलं, दुपारी लाईट वगैरे जाते का इकडे. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "नाही. लाईट नाही जात."

शनिवार-रविवार फ्रिज उत्तम चालला. सोमवारी पुन्हा दही आंबट ढाण.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. फ्रिज तेव्हा चांगला गार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फ्रिजकडे. मी वाटी आणि नाण्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी नीट ऐकून घेतली आणि थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे गारवा पुरेसा झाला की कॉम्प्रेसर थांबवणारा आणि कमी झाला की पुन्हा सुरू करणारा भाग. बाबांनी या वेळीही टॉर्च धरला. पेट्या आवरताना ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मी येतो तेव्हा हा ठणठणीत असतो. मला बघून बरा होत असेल तर माझा एक फोटो देऊन ठेवतो, दारावर चिकटवा."

नवरा हसला. तो तेव्हा म्हणालाही, की हा फ्रिज फक्त शनिवार-रविवार कामावर येतो, बरोबर आपल्या उलट. मीसुद्धा हसले. आता आठवलं की नवल वाटतं. ऑफिसात एखाद्या ग्राहकाने सांगितलं असतं की आमचं सॉफ्टवेअर फक्त सोमवार ते शुक्रवार अडकतं, तर मी पहिला प्रश्न विचारला असता की सोमवार ते शुक्रवार तिथे वेगळं काय असतं. घरी तो प्रश्न मला पडला नाही. दुधाच्या पातेल्याचं बूड कधीकधी ओलं असायचं, तेही मी बघितलं होतं आणि फडक्याने पुसून टाकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी फ्रिजमध्ये ठेवायचं थर्मामीटर आणलं. गोल, घड्याळासारखं, मधल्या कप्प्यात उभं राहणारं. रविवारी संध्याकाळी बाबांना म्हटलं, तुम्ही दिवसभर घरी असता, तर उद्या जमेल तसं त्याच्यावरचा आकडा बघून लिहून ठेवाल का, म्हणजे नेमका कधी बिघडतो ते कळेल.

त्यांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "किती वेळाने पाहायचं?"

"जमेल तसं."

"जमेल तसं नाही चालत. नोंद घ्यायची तर ठरलेल्या वेळेला घ्यावी लागते. दर तासाला घेतो."

त्यांनी माझ्याकडून एक लांब वही मागून घेतली. पट्टीने रेघा मारून तीन रकाने आखले: वेळ, अंश, शेरा. अक्षर अजूनही तसंच होतं, सरळ, एकमेकांना न चिकटणारं. त्या रात्री ते वही उशाशी घेऊन झोपले की काय, मला माहीत नाही. सकाळी मी निघताना ती त्यांच्या हातात होती.

सोमवारी नवले पुलावर बस अडकली, त्यामुळे यायला उशीर झाला. नवरा आला नव्हता. बाबांनी दार उघडलं, माझी बॅग ठेवून होईपर्यंत थांबले, मग वही माझ्या हातात दिली आणि त्यांच्या खोलीत गेले.

मी उभ्यानेच वाचलं. पहिली नोंद साडेनऊची: पाच अंश. शेरा: दुरुस्त. मी निघाले ती त्यानंतर लगेच. त्याखाली नऊ चाळीस. अंशाच्या रकान्यात आडवी रेघ, आणि शेऱ्यात लिहिलं होतं: बटण बंद केले.

मग दर तासाची ओळ. साडेदहा, सहा अंश. साडेअकरा, आठ. साडेबारा, साडेनऊ. शेरा: दुधाचे पातेले बाहेर काढून परातीत पाण्यात ठेवले, वर ओले फडके. दीड, अकरा. अडीच, तेरा. साडेतीन, चौदा. साडेचार, सोळा. मग पाच वाजून पाच मिनिटं: बटण सुरू केले, दूध परत आत ठेवले. शेवटची नोंद साडेसहाची, अकरा अंश. पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात त्यांची सही होती आणि खाली तारीख.

ते पान मी दोनदा वाचलं. राग आला नाही. आश्चर्य वाटलं का, तेही सांगता येत नाही. ऑफिसात एखादा बिघाड सापडतो तेव्हा आत जे हलकं होतं ते थोडं झालं, एवढंच. पस्तीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या माणसाच्या हातात मी वही दिली होती. कोणी विचारलं नाही तर ते महिनाभर गप्प राहू शकत होते, पण खोटी नोंद त्यांच्या हातून होणार नव्हती. हे मला रविवारी त्यांना वही देताना सुचलं नव्हतं. त्यांना मात्र ते रविवारीच कळलं असणार.

मी भाताचा कुकर लावला, वरण घोटलं, आणि मग त्यांच्या खोलीत गेले. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. मधली भिंत एकच, आणि तिच्या पलीकडे फ्रिज. ते पलंगाच्या कडेला बसले होते. मी खुर्चीवर बसले आणि विचारलं की बटण का बंद करता. बिल वाचवायला करत असाल तर तसं सांगा, असंही म्हटलं. खरं तर मला तसं वाटत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "ते बंद पडते ना, म्हणून."

मला कळलं नाही. म्हटलं, बंद पडू नये म्हणून तुम्ही बंद करता?

"सुरू असते तोवर काही नाही. आवाज येत राहते, ठीक आहे. मग मधातच बंद पडते. बंद पडलं की मी उठतो."

"उठून काय करता?"

"इथं येऊन पाहतो."

"काय पाहता?"

त्यांनी पलंगावर हात ठेवला. "हे."

कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघंही ती संपेपर्यंत थांबलो.

मग ते तुटक तुटक सांगत गेले. भंडाऱ्याला लाईट गेली की आईचं मशीन बंद पडायचं. इन्व्हर्टरवर ते फार वेळ ओढायचं नाही. बंद पडलं की कोपऱ्यातल्या सिलिंडरची चावी फिरवायची, मशीनची नळी काढायची, सिलिंडरची लावायची. मशीनशिवाय तिला तीन-चार मिनिटंच निभायची, पुढे ओठ निळे पडायला लागायचे. लाईट गेली की मशीन शिट्टी मारायचं, पण बाबा म्हणाले की शिट्टीच्या आधीच ते उठलेले असायचे. आवाज थांबला की उठायचं, हे दोन वर्षं अंगात भिनलं होतं. आणि आमचा फ्रिज दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबत होता. मशीनचा आणि फ्रिजचा आवाज सारखाच, असं ते म्हणाले. पहिले काही दिवस ते हॉलमध्ये पेपर वाचत बसले असताना आवाज थांबायचा आणि ते उठून खोलीत यायचे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. मग त्यांनी विचार केला की सुरूच नसला तर थांबणार कसा.

मी विचारलं, मग रात्री आणि शनिवार-रविवारी काय करता.

"रात्री तू असते, जावई असते. दोघं आहात घरात." मग म्हणाले, "तिथं पलंगावर कोणी नाही हे मला माहीत आहे बेटा. मी काही येडा नाही झालो. पण उठणं होऊन जाते."

"मला सांगायचं ना, बाबा."

"काय सांगू? फ्रिजचा धाक वाटते म्हणून?"

मी म्हटलं, तो बिचारा माणूस दोनदा आला, रबर बदललं, थर्मोस्टॅट बदलला, तुम्ही टॉर्च धरून बसलात. बाबा म्हणाले, रबर तसंही फाटलेलंच होतं. तेही खरं होतं.

त्यांनी विचारलं, "तुला नव्हता का ऐकू येत तो आवाज, फोनवर?"

येत होता. दोन वर्षं दर रविवारी मी फोन केला की मागे तो घरघराट असायचा. त्यात त्यांचं बोलणं नीट कळायचं नाही. मी म्हणायचे, बाबा, जरा बाहेरच्या खोलीत येऊन बोला ना, आवाज येतोय. ते बाहेर यायचे, पण दारातच उभे राहून बोलायचे, चार वाक्यं झाली की म्हणायचे, ठेवतो. मला वाटायचं त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही. येत होता, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बसमधून मी दुरुस्तीवाल्यांना फोन केला. विचारलं, कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबणारच नाही असं काही करता येईल का. ते म्हणाले, "मॅडम, न थांबणारा फ्रिज म्हणजे बिघडलेला फ्रिज. त्याच्यासाठी लोक मला बोलावतात."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, तोवर नवऱ्यालाही मी थोडक्यातच सांगितलं होतं. बस वारज्याच्या पुढे उभी होती, शेजारची मुलगी कानात इयरफोन घालून झोपली होती, आणि मी एका अनोळखी माणसाला आईचं मशीन, सिलिंडर, ओठ निळे पडणं, सगळं एखाद्या रिपोर्टसारखं ओळीने सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ड्राय बाल्कनी आहे का, आणि तिथे जाड पिनेचा प्लग आहे का. दोन्ही होतं. ते म्हणाले, शनिवारी येतो, तोपर्यंत वडिलांना म्हणावं खुशाल बंद ठेवा, दूध रोजच्या रोज आणा.

तो आठवडा आम्ही फ्रिज दिवसा बंदच ठेवला. आता ते उघडपणे होतं, एवढाच फरक. मी निघताना बटण मीच बंद करायचे. बाबा पाच वाजता सुरू करायचे. भाजी रोजची रोज आणली, दही लावलं नाही. काही अडलं नाही.

शनिवारी दुरुस्तीवाले आले तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन त्यांनी आणि नवऱ्याने एका बाजूला सरकवलं, फ्रिज तिथे नेला, पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवले, पाणसळ लावून पातळी बघितली. ऊन थेट येणार नाही अशा बेताने त्याची पाठ वळवली. मग स्वयंपाकघराचं सरकतं दार लावून घेतलं आणि बाबांना म्हणाले, काका, आपण जरा तुमच्या खोलीत बसून बघू. दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसले. मी दारात उभी होते. तिघंही ऐकत होतो. खालून टँकर वळवल्याचा आवाज येत होता, शेजारच्यांचा मिक्सर चालू होता. त्यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

"चालू आहे का आता?" बाबांनी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवा."

ते गेल्यावर नवरा आंघोळीला गेला. मी हॉलमध्ये गवार निवडायला बसले. बाबा समोर बसले, त्यांनी अर्धी गवार स्वतःकडे ओढली आणि शिरा काढायला लागले. भंडाऱ्याला भाजी तेच निवडायचे शेवटी शेवटी. मी विचारलं, आई गेली त्या दिवशीही लाईट गेली होती का. दोन महिन्यांत हे मी विचारलं नव्हतं. मी पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ होती, घर माणसांनी भरलं होतं, आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

"नाही," ते म्हणाले. "लाईट होती. मशीन सुरू होतं."

ते स्वयंपाकघरात तिच्यासाठी मुगाच्या डाळीचं पाणी करत होते. मशीनचा आवाज येत होता, म्हणून निश्चिंत होते. पाणी गाळलं, निवायला ठेवलं, मीठ घातलं. तेवढ्यात दूधवाला आला, त्याच्याशी दोन शब्द बोलले. आवाज येतच होता. वाटी घेऊन खोलीत गेले तर ती गेलेली होती. किती वेळ झाला होता ते त्यांना कळलं नाही.

"मी शेवटचा गेलो होतो तिच्याजवळ तेव्हा काही बोलली का ती, असं विचारते सगळे," ते म्हणाले. "पंखा कमी करा म्हणाली. मी कमी केला."

नंतर मशीन त्यांनीच बंद केलं. डॉक्टर येईपर्यंत चालू ठेवलं होतं.

मी गवार निवडत राहिले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणजे आता यायला हवं असं वाटलं, आणि मी वाट बघितली. आलं नाही. फक्त हातातली शेंग मोडायची कुठून ते क्षणभर कळेना. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, मोडली आणि ताटात टाकली.

फ्रिज आता बाल्कनीतच आहे. चांगला चालतो. भाजी करताना दोनदा सरकतं दार उघडावं लागतं, नवरा त्याबद्दल कुरकुरतो. बाबा दुपारी अजूनही कधीतरी उठून खोलीत जाऊन येतात, आवाज नसतानाही. ते मला त्यांनीच सांगितलं. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम मागून घेतलं. त्या दिवशी ते उठले तर मी लॅपटॉपवरून मान वर करत नाही. परत येऊन बसले की मग चहा विचारते.

जूनमध्ये ते म्हणाले, पंधरा दिवस भंडाऱ्याला जाऊन घर उघडतो. मी म्हटलं, मीही येते. रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं, मी लिहिलं, आईचं निधन. साहेबांचा फोन आला. अडखळत म्हणाले की ते कारण घटनेनंतरच्या महिन्यापुरतंच चालतं, सिस्टीम आता घेत नाही, दुसरं काही लिहा. मी वैयक्तिक असं लिहिलं. रजा मंजूर झाली. रेल्वेची तिकिटं काढली. बाबांना खालचा बर्थ मिळाला, मला त्याच्या वरचा.